रोज रात्री नेट बसतं, तासाभरानं आपोआप सुरू होतं: डीडॉस आहे का, ते कसं शोधायचं

लक्षण असं. संध्याकाळी आठ-साडेआठपर्यंत सगळं ठीक असतं. मग विश्रामबागेतून फोन येतो, "नेट गेलंय की ओ." पाठोपाठ मिरज, मग कुपवाड. राउटर चालू, फायबरचा दिवा हिरवा, ओएलटीवर (घराघरातल्या फायबर जिथं एकत्र येतात त्या यंत्रावर) एकही अलार्म नाही, पण पिंग (पलीकडं पोचतंय का बघणारी चाचणी) कधी लागतो, कधी लागत नाही. वीस मिनिटांनी किंवा तासाभरानं कुणी काही न करता सगळं पूर्ववत होतं. अपस्ट्रीमवाल्यांना, म्हणजे ज्यांच्याकडून आपण घाऊक नेट घेतो त्यांना, विचारलं की उत्तर ठरलेलं, "आमच्याकडून लिंक ओके आहे." आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच.

सांगली-साताऱ्याकडं छोटी इंटरनेट सेवा चालवणाऱ्यांना हा त्रास चांगलाच ओळखीचा आहे. कॉलेज, पतसंस्था किंवा साखर कारखान्याच्या ऑफिसात नेटवर्क सांभाळणाऱ्यांनाही. फोनांचा मारा सुरू झाला की पहिला हात राउटरच्या रिस्टार्टकडं जातो. तो आवरायला हवा, कारण रिस्टार्टबरोबर कनेक्शन टेबल (चालू जोडण्यांची यादी), काउंटर आणि बहुतेक लॉग पुसले जातात आणि तपासायला काहीच उरत नाही. डीडॉस म्हणजे अनेक यंत्रांकडून एकाच वेळी पॅकेटांचा (नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या छोट्या तुकड्यांचा) मारा करून सेवा बंद पाडण्याचा हल्ला. तो चालू असतानाचा पॅकेटांचा नमुना हातात असेल तर पुढचं निम्मं काम झालेलं असतं. नसेल तर दुसऱ्या दिवशी नुसते अंदाज. म्हणून या लेखात जास्त जागा तो नमुना घेण्याला आणि वाचण्याला दिली आहे.

हल्ला आहे की दुसरं काही?

रात्री नेट हळू होण्याची साधी कारणं आधी बाजूला काढा. रात्री नऊ ही सगळ्यांचीच वापराची वेळ. लिंक खरंच कमी पडत असेल तर ग्राफ हळूहळू चढतो, वर सपाट होतो आणि अकरानंतर हळूहळूच उतरतो. हल्ल्याचा ग्राफ भिंतीसारखा उभा चढतो आणि तसाच कोसळतो. कुठल्या तरी स्विचवर लूप लागला असेल तर तो लोकल बाजूच्या पोर्टवर दिसतो, अपस्ट्रीमच्या पोर्टवर नाही. रस्त्याच्या खोदाईत फायबर तुटली तर ठरावीक भाग पूर्ण बंद पडतो, अर्धवट चालत नाही.

आणखी एक खूण फोनवरच विचारून कळते. ग्राहकाला विचारा, "आधीपासून चालू असलेला व्हिडिओ कॉल चालू आहे का?" कॉल चालू आहे, पण नवीन पान उघडत नाही, असं उत्तर आलं तर बहुधा नॅटचं (एकाच आयपी पत्त्यावर अनेक घरं चालवणाऱ्या सोयीचं) कनेक्शन टेबल भरलेलं आहे. जुन्या जोडण्या टेबलात असल्यानं चालतात, नव्यांना जागा मिळत नाही. लिनक्सच्या राउटरवर अशा वेळी कर्नलच्या लॉगमध्ये कनट्रॅक (म्हणजे हेच कनेक्शन) टेबल भरलं, पॅकेट टाकून देतोय, अशा अर्थाची ओळ सापडते. कॉलही तुटला आणि पानंही बंद, तर लिंक भरली आहे किंवा राउटरचा प्रोसेसर बसला आहे. एवढ्या एका प्रश्नानं शोधाची दिशा ठरते.

ग्राफमध्ये काहीच दिसत नाही, तेव्हा

"ग्राफ बघितला, हजारपैकी सहाशे एमबीपीएसच होते, मग अटॅक कसला?" हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो. त्याची दोन उत्तरं आहेत.

पहिलं, ग्राफची सरासरी. बहुतेक ठिकाणी दर पाच मिनिटांनी आकडा घेतला जातो. एक मिनिट ९०० एमबीपीएसचा मारा झाला आणि उरलेली चार मिनिटं शांतता, तर पाच मिनिटांच्या सरासरीत त्याचे फक्त १८० एमबीपीएस दिसतात. भाड्यानं मिळणारे हल्ले पुष्कळदा काही मिनिटांचेच असतात. अपस्ट्रीमच्या पोर्टचा तरी आकडा दहा-पंधरा सेकंदांनी घ्या.

दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. ग्राफ बिट मोजतो, आणि राउटर दमतो तो पॅकेटांनी. मार्केट यार्डात हळदीचं पोतं पन्नास किलोचं असो की पाच किलोचं, तोलाईवाल्याला ते काट्यावर घ्यावंच लागतं आणि नोंद करावीच लागते. राउटरचंही तसंच. मोठी, पूर्ण आकाराची पॅकेट असतील तर एक जीबीपीएसच्या लिंकवर सेकंदाला साधारण ८१ हजार पॅकेट मावतात. तीच लिंक इथरनेटच्या सर्वांत लहान, ६४ बाइटांच्या फ्रेमनं भरली तर सेकंदाला १४ लाख ८८ हजार. म्हणजे जवळजवळ अठरा पट काम, ग्राफवरची रेघ मात्र त्याहून उंच नाही. रोजचा वापर आरामात झेपणारा राउटर लहान पॅकेटांच्या तीनशे एमबीपीएसला गुडघे टेकतो, ते याचमुळं. म्हणून बिटांच्या ग्राफशेजारी पॅकेट पर सेकंदाचा (पीपीएस) ग्राफ लावलाच पाहिजे. एकूण बिटांना एकूण पॅकेटांनी आणि मग आठनं भागून पॅकेटचा सरासरी आकार बाइटांत काढा. घरगुती डाउनलोडमध्ये तो एरवी हजार बाइटांच्या आसपास किंवा वर असतो. अचानक शे-दीडशे बाइटांवर आला तर दुसरा पुरावा शोधायची फारशी गरज उरत नाही.

आत येतोय की बाहेर जातोय?

इथं खूप जण फसतात. डीडॉस म्हटलं की बाहेरून कुणीतरी आपल्यावर सोडलाय असंच डोक्यात येतं. पण त्याच वेळी अपलोडची बाजू बघा. छोट्या नेटवर्कमध्ये हल्ला आपल्याच ग्राहकाकडून दुसऱ्या कुणावर तरी जात असण्याची शक्यता चांगलीच असते, आणि त्यात आपलंच नेटवर्क आधी बसतं.

कुपवाड एमआयडीसीकडच्या बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोअरेजची गोष्ट सांगतो. तिथं तापमान आणि आवक-जावक बघण्यासाठी कॅमेरे लावलेले, डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या पेटीला) स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी, मालक मोबाइलवर घरबसल्या बघायचे. पीपीपीओईच्या (ग्राहकांच्या लॉगिनच्या) यादीत अपलोडच्या पॅकेटांनुसार क्रम लावला तर हे कनेक्शन सगळ्यांत वर होतं. डाउनलोड जवळपास शून्य, अपलोड सेकंदाला हजारो पॅकेट, प्रत्येक साठ-सत्तर बाइटांचं, आणि प्रत्येक वेगळ्याच आयपीच्या पोर्ट २३ किंवा २३२३ कडं (इथं पोर्ट म्हणजे सेवेचा क्रमांक, स्विचवरची खाच नव्हे) निघालेलं. कॅमेऱ्याचा खरा अपलोड असा नसतो. तो एकाच ठिकाणी, मोठ्या पॅकेटांनी आणि संथ लयीत जातो. टेलनेटच्या (दुरून यंत्रात लॉगिन करण्याच्या जुन्या सोयीच्या) पोर्टांवर जगभर टकटक करणं ही २०१६ मध्ये गाजलेल्या मिराई बॉटनेटची (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेची) आणि तिच्यापासून निघालेल्या पुढच्या जातींची पद्धत. साठेक ठरावीक यूजरनेम-पासवर्डच्या जोड्या टाकून बघायच्या आणि जिथं कंपनीचा मूळ पासवर्ड बदललेला नाही तिथं घुसायचं. याच बॉटनेटनं २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी सांगणाऱ्या) सेवेवर हल्ला केला आणि अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या साइट त्या दिवशी उघडत नव्हत्या.

मिराई फक्त मेमरीत राहतं. डीव्हीआर बंद-चालू केला की ते जातं, आणि पासवर्ड तोच राहिला तर बघताबघता परत लागतं. "बंद करून चालू केलं की दोन दिवस बरं चालतं" असं ग्राहक सांगतो, त्यामागं पुष्कळदा हेच असतं. इलाज या क्रमानं: डीव्हीआरची नेटची वायर काढा, बंद-चालू करा, पासवर्ड बदला, फर्मवेअर नवं टाका, टेलनेट बंद करा, बाहेरून थेट पोर्ट उघडलेले असतील तर ते मिटवा, आणि मगच वायर जोडा. वायर आधी जोडली तर सगळी मेहनत वाया जाते. मालकांना नीट समजावून सांगा. त्यांचे कॅमेरे व्यवस्थित दिसत असतात, त्यामुळं बिघाड त्यांच्याकडं आहे हे त्यांना सहजासहजी पटत नाही. अपलोडचा ग्राफ दाखवला की पटतं.

असं एक यंत्र शेकडो घरांना का भोवतं? प्रत्येक नव्या आयपीकडं जाणारं पॅकेट नॅट टेबलात नवी नोंद करतं. शिवाय ओएलटीच्या एकाच पॉन पोर्टवरच्या सगळ्या घरांची अपलोडची क्षमता सामायिक असते.

नमुना कसा घ्यायचा

मायक्रोटिक राउटरवर टॉर्च हे चालू रहदारी दाखवणारं साधन आहेच. अपस्ट्रीमचा इंटरफेस निवडा, सोर्स (पाठवणारा) आणि डेस्टिनेशन (घेणारा) आयपी, प्रोटोकॉल, पोर्ट या खुणा लावा आणि यादी आरएक्सनुसार (आत येणाऱ्या रहदारीनुसार) लावा. अडचण अशी की प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेलेला असताना टॉर्च चालू करणं म्हणजे त्याच्यावर आणखी ओझं, आणि मग विनबॉक्सच (राउटर चालवायचा प्रोग्रॅम) तुटतो. त्यामुळं अपस्ट्रीमची लिंक ज्या स्विचमधून राउटरला जाते, त्या स्विचवर एक पोर्ट मिरर करून ठेवा (लिंकवरच्या पॅकेटांची प्रत त्यावर येते) आणि त्याला लिनक्स टाकलेला जुना पीसी कायमचा जोडून ठेवा. टीसीपीडम्पला (पॅकेट पकडून फाइलीत ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला) प्रत्येक पॅकेटचे पहिले ९६ बाइट आणि एकूण एक लाख पॅकेट एवढंच घ्यायला सांगा. मारा जोराचा असेल तर लाख पॅकेट सेकंदाच्या आत भरतात, म्हणून थोड्या-थोड्या अंतरानं तीन-चार फाइली घ्या.

राउटरपर्यंत पोचायला दुसरी वाटही हवी. लिंक भरली की घरून त्याच लिंकवरून आत जाता येत नाही. मोबाइल सिमवरचा छोटा राउटर त्या पीसीला लावून ठेवला की काम भागतं.

नमुना वाचताना आधी डेस्टिनेशन आयपी बघा. एकाच आयपीवर सगळं येतंय की पूर्ण ब्लॉकवर पसरलंय? मग सोर्स पोर्ट. यूडीपी (आधी जोडणी न करता पॅकेट पाठवायची पद्धत) आणि सोर्स पोर्ट ५३ असेल तर डीएनएस, १२३ असेल तर एनटीपी (घड्याळं जुळवणारी सेवा), १९०० असेल तर एसएसडीपी, ३८९ असेल तर सीएलडॅप, ११२११ असेल तर मेमकॅश्ड. या सगळ्या नेटवरच्या सेवा आहेत आणि त्यांच्या आडून होणाऱ्या माऱ्याची युक्ती एकच: हल्लेखोर आपल्या ग्राहकाचा आयपी खोटा सोर्स म्हणून लावतो, जगातल्या उघड्या सर्व्हरांना छोटा प्रश्न विचारतो आणि मोठं उत्तर आपल्याकडं येऊन पडतं. एनटीपीच्या मॉनलिस्ट आज्ञेचं उत्तर प्रश्नाच्या साडेपाचशे पटीपर्यंत जातं. नमुन्यात १२३ वरून येणारी ४६८ बाइटांची एकसारखी आयपी पॅकेट दिसली तर ती तीच. मेमकॅश्डची पट तर पन्नास हजारांवर जाते. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या प्रोग्रॅमरांच्या साइटवर १.३५ टेराबिट प्रति सेकंदाचा मारा झाला तो त्याच वाटेनं.

नमुन्यात पोर्ट नसलेली किंवा पोर्ट शून्य दाखवणारी यूडीपी पॅकेट सापडली तर गोंधळू नका. मोठ्या डीएनएस उत्तरांचे तुकडे पडतात आणि पहिला तुकडा सोडून बाकीच्यांवर पोर्ट लिहिलेला नसतो. नुसतं सोर्स ५३ अडवून मारा अर्धाच थांबतो, त्याचं कारण हे.

एक कळकळीची विनंती. सोर्स आयपी शोधयंत्रात टाकून "चीनमधून अटॅक आला" असं ग्राहकांना सांगू नका. अशा परावर्तित (दुसऱ्या सर्व्हरवरून उसळून आलेल्या) माऱ्यात दिसणारे आयपी हे बिचाऱ्या उघड्या राहिलेल्या सर्व्हरांचे असतात, आणि सिन फ्लडमधले (नवी जोडणी मागणाऱ्या सिन पॅकेटांच्या माऱ्यातले) पुष्कळदा सरळ खोटेच असतात. हल्लेखोर कुठला आहे हे त्यातून कळत नाही. देशवार ब्लॉक करण्यातही त्यामुळं अर्थ नाही.

तुमच्याकडं सर्व्हर असेल तर टीसीपी सिन पॅकेटांचा मारा वेगळा तपासा. लिनक्सच्या एसएस आज्ञेनं सिन-रिसीव्ह अवस्थेतल्या (अर्धवट) जोडण्या मोजा. एरवी बोटांवर मोजण्याइतक्या असतात, माऱ्यात हजारोंनी वाढतात. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कमधली पॅनिक्स ही इंटरनेट सेवा अशाच माऱ्यानं काही दिवस कोलमडली होती. त्याच वर्षी डॅन बर्नस्टाइन यांनी सिन कुकीजची (जोडणी पक्की होईपर्यंत सर्व्हरनं तिच्यासाठी जागा न अडवण्याची) कल्पना मांडली. लिनक्सवर ती उपलब्ध आहे, फक्त चालू आहे ना हे बघा. वेबसाइटवर येणाऱ्या विनंत्यांचा मारा हा मोठा विषय आहे. इथं एवढंच सांगतो, की निकालाच्या किंवा प्रवेशाच्या दिवशी कॉलेजची साइट बसली तर ती खरी गर्दी असू शकते. खरा ब्राउझर पानाबरोबर चित्रं आणि स्टाइलच्या फाइलीही मागतो. लॉगमध्ये एकच पत्ता हजारदा आणि बाकी काहीच नाही, तर संशय घ्या.

थांबवायचं कसं

आपल्या राउटरवर फायरवॉलचा नियम टाकणं दोनच परिस्थितींत उपयोगी: लिंक भरलेली नाही पण प्रोसेसर बसलाय, किंवा टेबल भरतंय. तेव्हा नियम रॉ टेबलात, प्रीराउटिंगला टाका, म्हणजे कनेक्शन टेबलात नोंद व्हायच्या आधीच पॅकेट पडेल. फिल्टरच्या फॉरवर्ड साखळीत टाकलेला नियम तेच पॅकेट सगळं काम करून घेऊन मग टाकतो.

लिंकच भरली असेल तर आपल्या बाजूचा कुठलाही नियम कामाचा नाही. पॅकेट आपल्यापर्यंत येऊन वाट अडवून झालेलं असतं. ते वरच अडवायला हवं, आणि त्याचा रूढ मार्ग म्हणजे ब्लॅकहोल. ज्या एका आयपीवर मारा आहे तेवढाच बत्तीसचा (/३२, म्हणजे एकाच आयपीचा) रूट बीजीपीवरून (नेटवर्कं एकमेकांना वाटा सांगतात त्या पद्धतीनं) ब्लॅकहोल कम्युनिटी (इथली पॅकेट टाकून द्या अशी खूण) लावून अपस्ट्रीमला जाहीर करायचा. २०१६ च्या आरएफसी ७९९९ या दस्तऐवजानं त्यासाठी ६५५३५:६६६ ही सामायिक कम्युनिटी ठरवली. तरी काही अपस्ट्रीम स्वतःची वेगळी वापरतात आणि काही बत्तीसचा रूट स्वीकारतच नाहीत. हे भर माऱ्यात कळून उपयोग नाही. एखादा रिकामा आयपी घेऊन दिवसाढवळ्या चाचणी करून ठेवा आणि त्यांच्या नेटवर्क केंद्राचा रात्रीचा नंबर लिहून ठेवा. फोन करताना "नेट स्लो आहे" असं म्हणू नका. "अमुक आयपीवर यूडीपी सोर्स पोर्ट १२३ वरून आठ लाख पीपीएस येताहेत, हा आयपी ब्लॅकहोल करा" असं सांगितलं की समोरचा माणूसही वेगळ्या तत्परतेनं हलतो.

ब्लॅकहोलनं तो आयपी बंदच पडतो, म्हणजे त्या एका आयपीपुरतं हल्लेखोराचं काम आपणच पुरं करतो. बाकी सगळे वाचतात म्हणून ते करायचं. पण नॅटमागं एका पब्लिक आयपीवर शंभर-दोनशे घरं बसवलेली असतील तर आधी त्यांना दुसऱ्या आयपीवर हलवा. त्यासाठी आपल्या आयपींच्या साठ्यात, म्हणजे पूलमध्ये, दोन-तीन आयपी नेहमी मोकळे ठेवावेत.

परत-परत का येतो

घरगुती ग्राहकांवरच्या माऱ्यामागं बहुतेकदा ऑनलाइन गेम असतो. हरलेला भिडू किरकोळ पैशांत बूटर नावाची सेवा भाड्यानं घेतो आणि समोरच्याचा आयपी टाकतो. एप्रिल २०१८ मध्ये युरोपातल्या पोलिसांनी वेबस्ट्रेसर नावाची अशी मोठी साइट बंद केली, डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेनं असे ४८ डोमेन जप्त केले, तरी नव्या निघतच राहतात. रात्रीची ठरलेली वेळ आणि शनिवार-रविवारचा जोर, ही त्याची ओळख.

नेमका ग्राहक नॅटच्या लॉगमधून सापडू शकतो. माऱ्यातला डेस्टिनेशन पोर्ट आणि वेळ घ्या आणि त्या क्षणी तो पोर्ट कुणाला दिलेला होता ते बघा. कधी तो गेमचाच पोर्ट निघतो आणि घर सापडतं, कधी मारा नुसताच पोर्ट ८० वर असतो आणि सापडत नाही. सापडलं तर त्या घरी शांतपणे बोला. मुलानं काही चूक केलेली नसते, त्याच्यावर हल्ला झालेला असतो, हे आईवडिलांना आधी सांगा, नाहीतर बिचाऱ्याचा फोनच काढून घेतला जातो. स्टॅटिक आयपी असेल तर बदलून द्या.

आपलं घरही तपासा. राउटरचा डीएनएस बाहेरच्यांना उत्तर देतोय का? विनबॉक्स आणि एसएसएच सगळ्या जगाला उघडे आहेत का? आणि आपल्या पूलबाहेरचा सोर्स आयपी लावलेलं पॅकेट आपल्याकडून बाहेर पडू शकतं का? शेवटच्या गोष्टीसाठी बीसीपी ३८ हा दस्तऐवज मे २००० मध्येच निघाला. अपस्ट्रीमच्या इंटरफेसवरून बाहेर जाताना सोर्स आपल्या यादीत नसेल तर ड्रॉप, एवढा एकच नियम आहे. छोट्या नेटवर्कमध्ये तो पाच मिनिटांत लागतो. खोटा सोर्स लावता आला नाही तर वर सांगितलेले सगळे परावर्तित मारे सुरूच होऊ शकत नाहीत, म्हणून तो प्रत्येकानं लावावा असं मला मनापासून वाटतं.

तक्रार

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डीडॉस हल्ल्याची माहिती लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. हे सेवादारांना आणि कंपन्यांना लागू आहे. पोलिसांकडं जायचं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ लागतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रारीबरोबर नमुन्याच्या फाइली, माऱ्याखालचा आयपी, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ आणि दोन्ही ग्राफ जोडा. राउटर आणि नमुना घेणारा पीसी या दोघांची घड्याळं जुळलेली आहेत का ते आधी बघा, आणि वेळेपुढं आयएसटी की यूटीसी ते ठळक लिहा. साडेपाच तासांचा फरक राहिला तर समोरचा माणूस दुपारचे लॉग उघडून बसतो आणि तिथं त्याला काहीच सापडत नाही.